द्राक्ष पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी : ₂ आणि ₅ नक्की कुठल्या फॉन्टात?

१२ ऑगस्ट २०२४

पान जुळवणीचं नवं काम आलं. द्राक्षबागायतदारांसाठी माती, पाणी आणि पानदेठ परीक्षणावरची पुस्तिका. डेमी १/८, शंभरेक पानं, ७० जीएसएम मॅपलिथो कागद, आत एकरंगी. लेखक निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, ऑफिसात सगळे त्यांना सरच म्हणतात. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पुस्तिका शेतकऱ्यांच्या हातात पडायला हवी, म्हणजे सप्टेंबरअखेर छपाई. मध्ये पोळा आहे, गणपती आहेत. प्रेसचे अण्णा आत्ताच सांगून गेले की विसर्जनापर्यंत माणसं मिळणार नाहीत.

मजकूर चाळला. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना हे सगळं देवनागरीत आहे, त्याची काळजी नाही. काळजी तक्त्यांची. दर दोन पानांआड रासायनिक सूत्रं आहेत: पी₂ओ₅, के₂ओ, चुनखडीचं सीएसीओ₃, मोरचुदाचं, जिप्समचं, युरियाचं, आणि द्राक्षवाल्यांचं लाडकं जीए₃, म्हणजे जिबरेलिक आम्ल. (पुस्तिकेत सूत्रं रोमन अक्षरांत आहेत. इथे मी देवनागरीतच लिहिणार, सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.)

एका तक्त्यात तर ‘पी’ आणि ‘पी₂ओ₅’ शेजारी शेजारी आहेत. पोत्यावर सिंगल सुपर फॉस्फेटचे १६ टक्के लिहिलेले असतात ते पी₂ओ₅चे. त्यातलं नुसतं स्फुरद काढायचं तर ०.४४ ने गुणायचं; के₂ओ वरून पालाश काढायला ०.८३ ने. प्रयोगशाळेचा अहवाल एका पद्धतीत आला आणि खताचं पोतं दुसऱ्या पद्धतीत, तर शेतकऱ्याची मात्रा दुपटीपेक्षा जास्त चुकू शकते. म्हणून या तक्त्यात खालचे अंक स्वच्छ वाचता आलेच पाहिजेत, असं सरांनी दोनदा बजावलं.

१४ ऑगस्ट

सरांची फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टातली निघाली. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असते एबीसीडी. कन्व्हर्टरमधून काढली. मराठी मजकूर बऱ्यापैकी आला, रफार आणि ‘ऱ्या’ नेहमीप्रमाणे हाताने दुरुस्त करावे लागले. सूत्रांची मात्र वाट लागली. कन्व्हर्टरला रोमन काय आणि फॉन्टमुळे मराठी दिसणारं काय, दोन्ही सारखंच. त्याने सूत्रांचंही ‘मराठी’ करून टाकलं. कॅल्शियम नायट्रेटच्या जागी वाचताही येणार नाही असं जोडाक्षर बसलंय. सबस्क्रिप्टचं, म्हणजे खालच्या लहान अंकांचं, फॉरमॅटिंग अर्थातच उडालं.

सरांकडून जुनी छापील प्रत मागवली. त्यावरून सगळ्या सूत्रांची एक यादी केली, पान क्रमांकासकट. शेवटच्या तपासणीला हीच यादी धरायची.

१७ ऑगस्ट

पहिल्या दोन प्रकरणांचा मजकूर इनडिझाइन या पान जुळवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला. परिच्छेदांना वर्ल्ड-रेडी कंपोझर लावून घेतला. तो नसला की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं सुटतात.

मला सोपं जावं म्हणून सरांनी सूत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवली होती, खालच्या अंकांसकट. ती तशीच कॉपी करून चिकटवली. सगळ्या ₂ च्या जागी गुलाबी पट्ट्यावर फुलीचे चौकोन.

सरांना स्क्रीनचा फोटो पाठवला. लगेच फोन. “अगं, माझ्या मोबाइलवर तर व्यवस्थित दिसतंय की!”

दिसणारच. मोबाइलमध्ये एका फॉन्टात अक्षर नसलं तर तो गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून आणून दाखवतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पान जुळवणीच्या सॉफ्टवेअरने असं परस्पर करू नये हेच बरं. ज्या फॉन्टात बसवायला सांगितलं त्यातच ते शोधतं, नसेल तर चौकोन. सरांना म्हटलं, तुमच्या मोबाइलने उसनं आणलंय, छापायला घरचं लागतं. हसले, पण पटलं.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा, अर्धा दिवस ऑफिस. शांतता होती म्हणून अंगाचा, म्हणजे मुख्य मजकुराचा, फॉन्ट तपासायला घेतला. हा प्रकाशकाने विकत घेतलेला आहे, रेग्युलर, मीडियम, बोल्ड अशा तीन वजनांत. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श बरोबर आहेत, २००९ च्या शासन निर्णयात आहेत तसे. प्रकाशकाला तो बदलायचा नाही, आणि मलाही बदलावासा वाटत नाही.

विंडोजचा कॅरेक्टर मॅप उघडला, प्रगत दृश्यात जाऊन यू+२०८२ वर, म्हणजे ₂ च्या युनिकोड क्रमांकावर, उडी मारली. काही नाही. २०८० ते २०८९ हा खालच्या दहा अंकांचा पट्टा पूर्ण रिकामा. गंमत म्हणजे वरचे ¹ ² ³ आहेत. चार मात्र नाही.

कारण जुनं आहे. वरचे एक, दोन, तीन हे लॅटिन-१ या जुन्या संचातच होते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फॉन्टात ते सवयीने काढले जातात. वरचा शून्य, चार ते नऊ आणि खालचे सगळे अंक युनिकोडमध्ये वेगळ्या विभागात आहेत, यू+२०७० पासून पुढे. देवनागरी फॉन्ट काढणारा तिथपर्यंत जाईलच असं नाही. त्याच्यापुढे आधीच शेकडो जोडाक्षरं पडलेली असतात. आयआयटी मुंबईच्या शोभिकात तर अकराशेहून जास्त जोडाक्षरं आहेत. तेवढं काढून झाल्यावर रसायनशास्त्राची आठवण कोणाला होणार?

२१ ऑगस्ट

आज डोक्यातला गोंधळ कागदावर काढला. ‘या फॉन्टमध्ये सबस्क्रिप्ट आहे का?’ या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि इंटरनेटवर शोधताना तिन्हींची उत्तरं एकमेकांत मिसळून मिळतात.

पहिला: ₂ हे स्वतंत्र अक्षर फॉन्टात आहे का? हे कॅरेक्टर मॅप सांगतो.

दुसरा: साध्या २ ला खालच्या २ चं रूप देण्याची सोय फॉन्टात आहे का? ही ओपनटाइपची, म्हणजे फॉन्टातच भरलेल्या पर्यायी रूपांची, सोय. तिचे दोन प्रकार आहेत, ‘सब्स’ आणि ‘सिन्फ’. दुसरा खास शास्त्रीय सूत्रांसाठी. यात मजकुरात साधा २ च राहतो, फक्त चित्र बदलतं. इनडिझाइनच्या ओपनटाइप यादीत एखादं नाव चौकटी कंसात दिसलं की समजायचं, ही सोय या फॉन्टात नाही.

तिसरा: दोन्ही नसेल तर सॉफ्टवेअर अंक लहान करून खाली ढकलेल का? हे कुठल्याही फॉन्टात होतं. टूलबारवरचं ‘सबस्क्रिप्ट’ बटण हेच करतं, म्हणून लोकांना वाटतं की सगळ्या फॉन्टांत सबस्क्रिप्ट असतंच.

दुसऱ्या प्रश्नात एक खोच आहे. सोय नसलेल्या फॉन्टावर ओपनटाइपची खूण लावली तर चौकोन येत नाही, सूचना येत नाही, अंक नुसता सरळ उभा राहतो. प्रीफ्लाइटमध्ये (छपाईआधीच्या आपोआप तपासणीत) ‘अक्षर नाही’ ही तपासणी चालू ठेवली तरी ती पकडणार नाही, कारण अक्षर आहेच की, साधा २. चौकोन परवडला, तो निदान ओरडून सांगतो. इथे डोळ्यांनीच बघावं लागणार. यादी केली ते बरं झालं.

२२ ऑगस्ट

तिसऱ्या पद्धतीची परीक्षा. इनडिझाइनचं मूळ माप ५८.३ टक्के आकार आणि ३३.३ टक्के खाली. अंगाचा टाइप ११ पॉइंट, म्हणजे खालचा अंक साधारण ६.४ पॉइंटचा. तक्ते ९ पॉइंटचे आहेत, तिथे तो सव्वापाचचा होतो.

लेझर प्रिंटवर चालून जाईल असं वाटलं. अण्णांना म्हटलं, दुसऱ्या कुठल्या कामाच्या प्लेटच्या कडेला हा तुकडा घालून मॅपलिथोवर काढून द्या. दुपारी तुकडा हातात आला. भिंगाखाली धरला तर ५ ची वरची आडवी रेघ जवळजवळ गायब, ओ च्या शेजारी नुसता आकडा लटकल्यासारखा. आकार लहान केला की रेघेची जाडीही त्याच प्रमाणात उतरते. शेजारचं के पूर्ण जाडीचं, त्याच्या पायाशी केसाएवढा २. नजर अडखळते.

अण्णांचे वडील छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे. अण्णा म्हणाले, “आमच्याकडे खालचे आकडे वेगळ्या खणात असायचे, ओतूनच तसे यायचे.” म्हणजे लहान आकारासाठी मुद्दाम जाड काढलेले. दुसऱ्या पद्धतीचे अंक, म्हणजे ओपनटाइपमधले, तसेच असतात: फॉन्टकाराने त्या आकारात वाचता यावेत म्हणून वेगळे काढलेले.

२४ ऑगस्ट

ठरवलं: अंगाचा देवनागरी फॉन्ट तोच, सूत्रांपुरता रोमन फॉन्ट वेगळा. सूत्रं रोमन असल्यामुळे हे शक्य आहे.

आता असा फॉन्ट शोधायचा की ज्यात खरे खालचे अंक आहेत, तक्त्याच्या मथळ्यासाठी बोल्डमध्येही आहेत, आणि देवनागरीच्या शेजारी उपरा वाटत नाही. शेवटची अट सगळ्यात जाचक.

देजावू सान्समध्ये खालचे अंक आहेत, पण अक्षरं फार रुंद, तक्त्याचे रकाने फुटतात. कॅलिब्रीत आहेत, ऑफिसचं पत्र वाटतं. नोटो सेरिफमध्ये आहेत. चॅरिस एसआयएलमध्ये तर भाषाशास्त्रज्ञांना लागतात ती सगळी चिन्हं आहेत, वळण ठसठशीत, स्वस्त कागदावरही टिकेल असं. सोर्स सेरिफमध्ये स्वतंत्र अक्षरंही आहेत आणि ओपनटाइपची सोयही. वजनं भरपूर, शिवाय लहान आकारासाठी ‘कॅप्शन’ नावाचं वेगळं रूप, ज्यात रेघा जाड आणि अक्षरं थोडी सैल. ९ पॉइंटच्या तक्त्यांना हेच हवंय.

टिरो देवनागरी मराठी हा पूर्ण पुस्तिकेसाठीच वापरावा का, असाही विचार मनात आला. देखणा आहे, मराठी वळणाची अक्षरं मुळातच आहेत. पण रेग्युलर आणि इटॅलिक, बस. बोल्डशिवाय तक्ते कसे करणार?

सोर्स सेरिफ पक्का. अंगाच्या फॉन्टाशी उंची जुळवायला तो ९४ टक्क्यांवर आणला. एरवी रोमन मोठी अक्षरं शिरोरेषेच्या वर डोकं काढतात आणि ओळ ओबडधोबड दिसते.

२५ ऑगस्ट

कॉलेजात गणित शिकवणारी मैत्रीण घरी आली होती. ती लाटेकवाली, म्हणजे गणिती मजकूर जुळवायची ती प्रणाली वापरणारी. तिला हे सगळं ऐकून आमची दया आली. तिच्याकडे एमएचकेम नावाचं पॅकेज आहे, त्यात सूत्र सरळ टाइप करायचं, कुठला अंक खाली आणि कुठला जागेवर हे ते स्वतः ठरवतं. रिअलस्क्रिप्ट्स नावाचं दुसरं पॅकेज ओपनटाइप फॉन्टातले खरे खालचे अंक उचलतं, आणि ते नसतील तर लहान करून वापरतं.

तिने एक गोष्ट सांगितली ती आवडली. लाटेकच्या मुळाशी असलेल्या टेकसाठी डोनाल्ड क्नूथ यांनी कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्ट केला तेव्हा १० पॉइंटच्या मजकुरासाठी सबस्क्रिप्ट ७ पॉइंटचा आणि त्याच्याही खालचा ५ पॉइंटचा, हे दोन्ही आकार वेगळे काढले. १० चा लहान करून ७ केला नाही. म्हणून गणिताच्या पुस्तकात इवलासा अंकही ठसठशीत उमटतो.

तिच्या लिनक्सवर फॉन्ट शोधणं मात्र फार सोपं. एफसी-लिस्ट या आज्ञेला दोन अटी दिल्या, भाषा मराठी आणि अक्षर २०८२, की दोन्हीत बसणारे मशीनवरचे सगळे फॉन्ट समोर. मी दोन दिवस कॅरेक्टर मॅपमध्ये एकेक फॉन्ट उघडत बसले होते. माझे मोफत परवान्याचे फॉन्ट पेनड्राइव्हवर देऊन तिच्या मशीनवर गाळून घेतले. यादी छोटी आली, पण निदान खात्रीची.

२८ ऑगस्ट

सूत्रांना हाताने स्टाइल लावत बसले तर गणपती उलटून जातील. ग्रेप स्टाइल (मजकुरातला नमुना ओळखून आपोआप रूप लावणारा नियम; द्राक्षाशी संबंध नाही) लिहिली: रोमन अक्षर किंवा बंद कंस यांच्या लगेच मागून येणारे अंक, एक असो वा जास्त, त्यांना सोर्स सेरिफची खालच्या अंकांची सोय लावायची. मजकुरात साधेच अंक. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले ₂ सगळे शोधून साधे केले.

बहुतेक सूत्रं सुतासारखी सरळ आली. कॅल्शियम नायट्रेटच्या कंसाबाहेरचा २, युरियाचे दोन्ही २, सगळे खाली. मोरचूद बघायला उत्सुकता होती: सीयूएसओ₄·५एच₂ओ. यात ४ खाली, २ खाली, पण मधला ५ पूर्ण आकाराचा आणि जागेवर राहायला हवा, कारण तो पाण्याचे रेणू मोजतो. पाचाच्या आधी टिंब आहे, अक्षर नाही, म्हणून नियमाने त्याला हात लावला नाही. जिप्समच्या २ चंही तसंच.

१९:१९:१९, ०:५२:३४, १२:६१:०० या विद्राव्य खतांना काही होण्याचा प्रश्न नव्हता. ११०आर या द्राक्षाच्या खुंटाचा (ज्यावर कलम करतात त्या मूळझाडाचा) आकडाही अक्षराच्या आधी आहे, म्हणून सुटला. ‘पीएच७.५’ असं जिथे जागा न सोडता लिहिलं होतं तिथे ७ खाली गेला; अर्धी जागा घालून मार्गी लावलं.

आणि मग खुंटांच्या तक्त्यातलं एसओ४. डॉगरिज, ११०आर, एसओ४ अशी ओळ. नियमाने ४ खाली नेला आणि खुंटाचं सल्फेट झालं! चार पानं पुढे पाण्याच्या तक्त्यात खरंखुरं सल्फेट आहे, एसओ₄. अक्षरं तीच, अंक तोच. खुंटाच्या नावातला ४ हा ओपेनहाइमच्या निवडीतला चौथा क्रमांक, त्याचा गंधकाशी काही संबंध नाही. कुठलंही सॉफ्टवेअर हे अक्षरांवरून ओळखू शकणार नाही, एमएचकेमसुद्धा. ते ज्याला शेती कळते त्यालाच कळणार. खुंटाच्या ओ आणि ४ च्या मध्ये नॉन-जॉइनर, म्हणजे न दिसणारं, अक्षरं तोडणारं चिन्ह, घातला. अंक पुन्हा जागेवर. सूत्रांच्या यादीत लाल पेनाने लिहून ठेवलं, म्हणजे प्रूफात कुणी ‘दुरुस्त’ करणार नाही.

३१ ऑगस्ट

पाण्याच्या प्रकरणात नवं दुखणं. क्षारतेसाठी ईसी, म्हणजे विद्युत वाहकता. पाण्याची ईसी वेगळी आणि मातीच्या संपृक्त अर्काची वेगळी, म्हणून एकीला खाली लहान डब्ल्यू आणि दुसरीला लहान ई. युनिकोडमध्ये खालची ई आहे. डब्ल्यू नाही. खालची लॅटिन अक्षरं कोणाकोणाच्या गरजेप्रमाणे तुटक तुटक घेतलेली आहेत. एच, के, एल, एम, एन आहेत, बी, सी, डी नाहीत. ज्यांना वाटतं ‘युनिकोडचीच अक्षरं वापरा, फॉन्ट सापडला की झालं’, त्यांनी हा तक्ता लावून दाखवावा.

एक अक्षर फॉन्टातलं आणि दुसरं बनवलेलं असं नको. दोन्ही बनवायची ठरवली, पण शहाणपणाने: सोर्स सेरिफचंच सेमीबोल्ड वजन ६२ टक्क्यांवर. लहान केल्यावर सेमीबोल्डची रेघ रेग्युलरच्या रेघेजवळ येते. छापून बघितलं, शेजारच्या ईसीशी छान जमतं. ही युक्ती नवी नाही, पण टूलबारवरचं बटण दाबणाऱ्याला कोण सांगणार!

३ सप्टेंबर

काल पोळा. आज सरांनी मातीच्या नमुन्यांचं प्रकरण दिलं. त्यात प्रत्येक नमुन्याला खूण आहे: म आणि खाली १, म आणि खाली २. म म्हणजे माती. एक म्हणजे वरचा ३० सेंटिमीटरचा थर, दोन म्हणजे त्याच्या खालचा. पाण्याच्या नमुन्यांना ‘पा’. आणि सरांना अंक देवनागरीच हवेत. बरोबरच आहे, मराठी म च्या पायाशी रोमन 2 कशासाठी?

पण देवनागरीचे खालचे अंक युनिकोडमध्ये नाहीतच. म्हणजे पहिला प्रश्न इथे निकालात. फॉन्टात ओपनटाइपची सोय करून ते देता येतात, पण आमच्या फॉन्टात ती नाही.

मैत्रिणीने सुचवलं, फॉन्टफोर्ज या फॉन्ट बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दहा अंक आपणच काढून घाल. विकतच्या फॉन्टाला हात लावायला परवाना आडवा येतो. बहुतेक परवान्यांत फेरफाराला मनाई असते. ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) परवान्याचा मोफत फॉन्ट असता तर बदलता आला असता, फक्त राखीव नाव असेल तर नाव बदलावं लागलं असतं. दहा अंकांसाठी अख्खा फॉन्ट बदलणं मला पटत नाही.

पुन्हा जाड वजनाचीच युक्ती. अंगाच्या फॉन्टाचं मीडियम, ६४ टक्के. मीडियमच का, तर बोल्ड वापरलं की १ आणि ९ च्या गाठी शाईने भरतात. भिंगाखाली १ म्हणजे नुसता ठिपका आणि शेपूट. २ आणि ३ ला बोल्डही चाललं असतं, पण सगळ्या अंकांची एकच जाडी हवी.

किती खाली न्यायचं हा वेगळा वाद. ३३ टक्के खाली नेलं की अंक खालच्या ओळीतल्या वेलांटीला आणि रफाराला शिवतो. रोमनमध्ये ओळीखाली फारसं काही नसतं, वरही नसतं. आपल्याकडे वर रफार, अनुस्वार, मात्रा आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींमधली जागा आधीच भाड्याने गेलेली. १८ टक्क्यांवर आणलं. म चा दांडा संपतो तिथे अंकाचा मध्य येतो, खाली टेकत नाही. ‘पा’ च्या काना शेजारी तर मुद्दाम तसाच जोडून काढल्यासारखा दिसतो.

५ सप्टेंबर

ओळींतलं अंतर १५ वरून १६ पॉइंट केलं. चार पानं वाढली. प्रकाशक कुरकुरले, मग पान उलटून बघितलं आणि गप्प बसले. उद्यापासून ऑफिस बंद, परवा गणपती.

११ सप्टेंबर

पाण्याचं प्रकरण परत. आयन: बायकार्बोनेट, कार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट. यांना खाली अंक आणि वर विद्युतभार. सल्फेटला खाली ४, वर २ आणि वजा. इनडिझाइनमध्ये दोन्ही एकाखाली एक लावायची सरळ सोय नाही. कर्निंग (अक्षरांमधलं अंतर) उणे करून करता येतं, पण तेवढी खटपट कशाला? आधी खालचा अंक, मग वरचा भार, असं पायरीने लावलं: एसओ₄²⁻. वाचायला सोपं.

वरच्या ² साठी पुन्हा तोच सापळा. कुठेतरी तो अंगाच्या फॉन्टातला राहिला होता, कारण तिथे तो आहे, आणि वजा सोर्स सेरिफचा. दोन फॉन्टांतला एक भार! वरचा २ थोडा उंच आणि बारीक, वजा खाली आणि जाड. चौकोन न आल्यामुळे हे कुठल्याही तपासणीत सापडत नाही. ग्रेप स्टाइलमध्ये भाराचा नियम वेगळा लिहिला, ² ³ पासून ⁻ पर्यंत सगळं सोर्स सेरिफच.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन. आज पूर्ण पीडीएफ काढली. पुस्तिका व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही जाणार, म्हणून पीडीएफमध्ये शोधून बघितलं. ‘के२ओ’ साध्या इंग्रजी अंकांनी टाकलं, सगळ्या जागा सापडल्या. स्वतंत्र ₂ ठेवले असते तर शेतकऱ्याने साधं टाइप केल्यावर सापडले असते की नाही हे त्याच्या मोबाइलमधल्या ॲपवर ठरलं असतं.

उलट बाजूही बघितली. पीडीएफमधून कॉपी केल्यावर के₂ओ चं सपाट होतं, तेवढं वाचता येतं. सल्फेटचा भार सपाट झाला तर मात्र ४ आणि २ मिळून बेचाळीस वाचले जातात. म्हणून भारांपुरती खरी ²⁻ अक्षरंच ठेवली. एकाच पुस्तिकेत दोन नियम, असू देत.

सूत्रांची यादी घेऊन एकेक पान तपासलं. तक्ता सातच्या मथळ्यात पी₂ओ₅ सपाट सापडलं. तिथे मथळ्याची स्टाइल अंगाच्या बोल्डवर होती, त्यात सोय नाही, अंक गप्प उभे. सोर्स सेरिफ बोल्ड लावला.

सरांनी प्रूफ बघितलं. खुंटाच्या ओळीवर थांबले, भिंग मागितलं, मग सल्फेटचं पान काढलं. “दोन्ही बरोबर आहेत,” म्हणाले आणि पुढचं पान उलटलं.

२४ सप्टेंबर

प्लेटा गेल्या. स्टाइल्सचा साचा वेगळा सेव्ह केला, कारण सरांची डाळिंबाची पुस्तिका मागोमाग येणार आहे आणि तिच्यात बोरॉनचा तक्ता मोठा आहे. बोरिक आम्ल, एच₃बीओ₃, नियमात सहज बसतं. शंका बोरॅक्सची होती: एनए₂बी₄ओ₇·१०एच₂ओ. टिंबानंतरचा आकडा इथे दोन अंकी आहे. साच्यात टाकून बघितलं. १० जागेवर राहिले, बाकीचे सगळे खाली गेले.